डिंभ्याच्या पावसात आळ्याचं छप्पर

पुणे, ता. १२ नोव्हेंबर १९०६

मित्रवर्य बदरुद्दीन गवंडी, मुक्काम जुन्नर, यांस रूपचंदाचे वंदे मातरम्.

जुन्नरच्या शाळेत आपण एका सतरंजीवर बसत असू, त्याला आता पंचवीस वर्षे झाली. तू माझी गणिते उतरवीत होतास की मी तुझी, हा वाद आज काढीत नाही. आज काम निराळे आहे.

आमची थोरली बहीण प्यारीबाई हिचे डिंभ्याचे घर आश्विनात जळाले, हे तुझ्या कानावर आले असेल. गवताचे छप्पर, शेजारच्या चुलीतली ठिणगी, अर्ध्या घटकेत सर्व आटोपले. माणूस वाचले आणि हिरड्याची पोतीही वाचली. सध्या बाई ठमाबाई नावाच्या शेजारणीच्या पडवीत राहते. बाई विधवा, पोटी मूलबाळ नाही, तरी सव्वीस वर्षे त्या रानात हिरड्याचा व्यापार करीत बसली आहे. मी म्हटले पुण्यास ये, तर येत नाही. माझी पत्नी गुलाबबाई हिची प्रकृती नाजूक, स्वयंपाकघरात तिच्या हाताखाली कोणी हवेच आहे. शेवटी असे ठरले की मृगापूर्वी डिंभ्यात नवे घर उभे राहिले आणि पावसात टिकले, तर बाई तिथेच राहील. नाहीतर मी गाडी पाठवीन आणि तिने निमूट पुण्यास यावे.

मी आता पूर्ण स्वदेशी झालो आहे. दुकानातले विलायती कापड गेल्या वर्षी होळीत टाकले. बरेचसे त्यापूर्वीच खपले होते, पण जे उरले ते टाकले. आम्ही अकरा जणांनी ‘स्वदेशी-गृह-संवर्धक मंडळी’ स्थापन केली असून मी तिचा चिटणीस आहे. आपली घरे परकी होत चालली आहेत, तरी एक तरी आदर्श घर परंपरागत सामग्रीने बांधून लोकांपुढे ठेवावे, असा आमचा संकल्प आहे. ते घर डिंभ्याचे असावे आणि ते तू बांधावेस. कोणती सामग्री घ्यावी ते कळव. बाईला विचारण्याची गरज नाही. ती भोळी आहे, तिला काहीही चालते.

तुझा,
रूपचंद

*

जुन्नर, ता. २४ नोव्हेंबर १९०६

दोस्त रूपचंद यास बदरुद्दीन गवंड्याचा सलाम.

गणितं मीच तुझी उतरवत होतो आणि दोघांची एकदम चुकत होती. पंतोजींना त्यावरून तर कळायचं. तू चिटणीस झालास याचा आनंद आहे. एवढा स्वदेशी झालास, पण पत्रावर तारीख इंग्रजीच घातलीस. मीही घालतो, नाहीतर टपालवाला घोटाळतो.

मंगळवारी डिंभ्याला जाऊन जागा बघून आलो. घोड नदीकडं उतरती जमीन आहे, जागा झकास. पण तिथला पाऊस जुन्नरच्या पावसासारखा वरून पडत नाही. भीमाशंकराच्या अंगानं येतो तो आडवा येतो आणि आला की महिना महिना मुक्काम ठोकतो. तेव्हा तिथली माणसं जे करत आली तेच मी सुचवतो. जोतं काळ्या दगडाचं, दगड नदीत पडलाय. खांब ऐनाचे, पण वद्य पक्षात तोडलेले, नाहीतर लाकूड भुंगा खातो. भिंतींना कारवीच्या काठ्यांचा कूड आणि दोन्ही अंगांनी शेणमातीचं लिंपण. वर चांगलं उतरतं छप्पर, गवताचं. आगीची धास्ती वाटत असेल तर घोडेगावच्या कुंभाराची नळीची कौलं घालू. मात्र जे काही ते आत्ता ठरव. डोंगरावर गवताची कापणी चालू आहे. या महिन्यात सांगितलं तर पेंढ्या मिळतील, पुढं ते गुरं खातात आणि गुरांनी सोडलेलं वणवा खातो.

प्यारीबाईनं ताक दिलं. “बदरूभाऊ, माझं एक म्हननं व्हतं,” अशी तिनं सुरुवात केली, पण माझ्या हातात मापाची दोरी होती आणि वारा फार होता. म्हटलं, बाई, पुढच्या खेपेला ऐकतो.

तुझा,
बदरुद्दीन

*

पुणे, ता. ६ डिसेंबर १९०६

मित्रवर्य बदरुद्दीन,

तुझे पत्र मंडळीत मोठ्याने वाचून दाखवले. खेदाची गोष्ट अशी की गवतास एकही मत पडले नाही. कारवीस एक पडले, पण त्या गृहस्थांनी ती वेलदोड्याची जात समजून हात वर केला होता. नळीच्या कौलांविषयी सर्वांचे मत पडले की ती गरिबीची दिसतात.

मित्रा, परंपरा आणि गैरसोय यांत फरक केला पाहिजे. लहानपणी मी आळ्यास मामाकडे जात असे. तिथली धाब्याची घरे तू पाहिली आहेस. दगडी भिंती, सागवानी तुळया, तुळयांवर फळ्या, आणि वर हातभर पांढऱ्या मातीचे सपाट छप्पर. उन्हाळ्यात वर चढून चांदण्यात निजावे, खाली भर दुपारी गारवा. हेच आपले खरे घर. मंडळीने तसा ठराव दहा विरुद्ध शून्य मतांनी मंजूर केला. (एक सभासद झोपले होते.)

तेव्हा डिंभ्याचे घर धाब्याचे होईल. पांढरी माती आळ्याचीच आणावी, दुसरी चालणार नाही. मंगळुरी कौले, पत्रा, काच, विलायती सिमेंट यांचे नावही नको. लोखंडही विलायतेहून येते, म्हणून घरात एक खिळासुद्धा असू नये.

तुझा,
रूपचंद

*

जुन्नर, ता. २० डिसेंबर १९०६

दोस्त रूपचंद,

आळ्याची धाबी मी पाहिली आहेत. दोन तर माझ्या वडिलांच्या हातची आहेत, अजून उभी आहेत. पण आळ्यात पाऊस विचारून येतो आणि चहा घेऊन जातो. डिंभ्यात ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंत सूर्य हाच पाहुणा. सपाट मातीवर पाणी पडलं तर ते उन्हानं वाळायला हवं. ऊनच नसेल तर माती वाळायची कधी? आणि ओल्या मातीचं ओझं तुळयांनी पेलायचं किती दिवस?

डिंभ्यातला गेणभाऊ नावाचा एक म्हातारा माझं मोजमाप बघत बसला होता. त्याला सहज विचारलं, इथं वर मातीचं सपाट छप्पर केलं तर कसं? तो म्हणाला, “मिस्त्री, वर भात लावायचा इचार हाय का?”

आता खिळ्याचं. तुझे सगळे नियम लावून मी डिंभ्यात पाहिलं. विलायती माल नको, लोखंड नको, काच नको, सगळं भोवतालच्या मुलखातलं हवं. या नियमांत पुरतं बसणारं एकच घर सापडलं आणि ते ठमाबाईचं आहे. त्यात एकही खिळा नाही, सगळी बांधणी पळसाच्या मुळ्यांच्या दोरानं केली आहे. तुझ्या बहिणीनं त्याच घराच्या पडवीत संसार मांडलाय. मंडळीला आदर्श घर बघायचं असेल तर ते आत्ताच बघून जा, मला कशाला कामाला लावता?

गवताची कापणी आठ दिवसांत संपेल. उलट टपाली कळव.

तुझा,
बदरुद्दीन

*

पुणे, ता. ५ जानेवारी १९०७

मित्रवर्य बदरुद्दीन,

तुझा विनोद मंडळीस आवडला. परंतु ठमाबाईचे घर स्वदेशी नव्हे, ते नुसतेच तिथले आहे. हा भेद बारीक आहे, वेळ मिळेल तेव्हा समजावीन.

पावसाविषयीची तुझी शंका आम्ही शास्त्रीय रीतीने तपासली. आमच्यात एक भूगोलाचे शिक्षक आहेत. त्यांनी जिल्ह्याचा नकाशा पसरून दाखवले की आळे आणि डिंभे यांत अडीच बोटांचे अंतर आहे. अडीच बोटांत पाऊस बदलत नाही. शिवाय जिल्हाही एकच.

मला वाटते, खरी अडचण निराळी आहे. तुला धाबे जमेल की नाही अशी धास्ती तर नाही ना? तुझ्या वडिलांची धाबी तू स्वतःच सांगतोस की अजून उभी आहेत. मंडळीने असे ठरवले आहे की दाराशी एक काळी शिळा बसवावी आणि तिच्यावर ‘शिल्पी बदरुद्दीन, जुन्नर’ अशी अक्षरे कोरावीत. घराचे छायाचित्र घेऊन पुस्तिकाही छापायची आहे, तीत तुझा उल्लेख येईल. गवताचे छप्पर केलेस तर कोण तुझे नाव कोरणार?

चुन्यात प्राचीन पद्धतीने उडीद घालतात असे एका जुन्या पोथीत निघाले आहे. उडदाचे एक पोते गाडीने रवाना केले आहे.

तुझा,
रूपचंद

*

डिंभे, ता. १० मार्च १९०७

दोस्त रूपचंद,

तुझ्या आधीच्या पत्राला उत्तर दिलं नाही, एकदम कामालाच लागलो. भिंती छातीपर्यंत आल्या आहेत. दगड असा बसलाय की सांध्यात सुई जाणार नाही. स्वतःच्या कामाची स्तुती करू नये, पण दुसरं कोणी करायला इथं नाही. डिंभ्याची माणसं येतात, भिंतीवर हात फिरवतात, वर आभाळाकडं बघतात आणि निघून जातात.

आळ्याहून पांढरी माती येतेय. सतरा गाड्या झाल्या. वाटेत घोडेगावच्या बाजारात रोज एकच सवाल. “पावणं, माती कुनीकडं?” गाडीवान म्हणतो, डिंभ्याला. “का राव, डिंभ्यात माती सपली व्हय?” आता गाडीवान मातीवर कडबा झाकून आणतात आणि बैलांचा चारा आहे म्हणून सांगतात. आळ्याचे लोक खूश आहेत. त्यांच्या जुन्या पांढरीला गिऱ्हाईक मिळेल हे त्यांना सात पिढ्यांत वाटलं नव्हतं.

उडीद मिळाले. ठमाबाईनं पोतं बघून विचारलं, “ह्ये भिताडाला घालायचं? भिताड खातंय व्हय?” थोडे चुन्यात घातले. बाकीच्यांचं मजुरांनी घुटं करून खाल्लं आणि काम चांगलं जोरात झालं. पोथीचा अर्थ तोच असावा.

खिळा एकही मारलेला नाही. दारं बिजागरीऐवजी लाकडी चुळीवर फिरतात, सांधे लाकडी खुंट्यांनी धरले आहेत. तुळया सागवानीच घेतल्या, दुसऱ्या लाकडाला एवढं ओझं पेलणार नाही. पावसाचं मी आता काही बोलत नाही. पाणी वाहून जायला सहा पन्हळी ठेवतोय, माती दर थराला पाणी मारून चोपून घेईन. शिळेसाठी नदीतला एक चांगला काळा दगड मी स्वतः शोधून ठेवलाय.

तुझा,
बदरुद्दीन

*

पुणे, ता. १९ मे १९०७

मित्रवर्य बदरुद्दीन,

अक्षय्यतृतीयेचा समारंभ डोळ्यांसमोरून हलत नाही. आम्ही अकराही जण त्या घरात शिरलो आणि गारवा असा की तिसऱ्या भाषणाच्या वेळी पहिले दोन वक्ते झोपी गेले. भूगोलाचे शिक्षक तर म्हणाले की हा गारवा आळ्याच्या मातीचाच. छायाचित्र उत्तम आले. यंत्र जर्मन होते, पण छाया आपली.

बाईने अकरा जणांचा स्वयंपाक एकटीने केला, तोही सूर्यास्तापूर्वी. तिच्या चेहऱ्यावर मोठे समाधान दिसले. ती काही बोलली नाही, यावरूनच ते कळते.

शिळेविषयी थोडे लिहायचे आहे. अकरा सभासदांची नावे, त्यांच्या पदव्या आणि एक संस्कृत श्लोक कोरल्यावर जागा उरली नाही. श्लोक गाळावा असे मी सुचवले होते, पण तो ज्यांनी रचला त्यांचे नाव पहिले आहे. वाईट वाटून घेऊ नकोस. तुझे नाव आम्हा सर्वांच्या अंतःकरणावर कोरलेले आहे. पुस्तिकेतही जागा उरली तर ते येईल.

तुझा,
रूपचंद

*

जुन्नर, ता. १२ जून १९०७

दोस्त रूपचंद,

अंतःकरणावरचं नाव पावसात धुऊन जात नाही, तेवढं बरं.

मृगाच्या दोन सरी येऊन गेल्या. मला इथं चैन पडेना म्हणून डिंभ्याला जाऊन धाब्यावर चढलो. माती वरून कडक दिसते, पण अंगठा रोवला की पेरापर्यंत आत जातो. हा तर नुसता शिंतोडा झाला, खरा पाऊस अजून डोंगरापलीकडं आहे. तू हो म्हणालास तर धाब्यावर बांबूंचा उतरता सांगाडा उभारून गवतानं झाकून टाकतो. कापणीचे दिवस तर गेले, पण लोकांकडून थोड्या पेंढ्या उसन्या मिळतील. घर वाईट दिसेल, पण उभं राहील.

बाई ओसरीवर पोती रचत होती. मी विचारलं, बाई, तुमचं काय मत? ती म्हणाली, “आता मी काय सांगू, बदरूभाऊ? तुमचं दोघांचं ठरलंय न्हवं?” मला ते लागलं. पण घराचा मालक तू आहेस. तू लिही, मी करतो.

तुझा,
बदरुद्दीन

*

पुणे, ता. २० जून १९०७

मित्रवर्य बदरुद्दीन,

गवत मुळीच नको. ‘आदर्श गृह’ ही आमची पुस्तिका कालच छापून आली. मुखपृष्ठावर त्या धाब्याचे चित्र आहे. पाचशे प्रती काढल्या आहेत. एखादा वाचक ती हातात घेऊन डिंभ्यास गेला आणि त्याने वर गवत पाहिले, तर आम्ही तोंड कोठे लपवायचे? माती प्रथम थोडे पाणी पिते आणि मग घट्ट होते, हा तिचा स्वभावच आहे असे भूगोलाचे शिक्षक सांगतात. धीर धर.

मी स्वतः येऊन पाहिले असते, पण आता चातुर्मास येतो. त्यात प्रवास वर्ज्य. मुंबईस दोनदा जावे लागेल, तो प्रवास आगगाडीचा असल्यामुळे वेगळा.

जास्त लिहीत नाही. कालच्या वादळाने आमच्या माडीवरची चार मंगळुरी कौले फुटली. मिस्त्री वर चढला आहे आणि सारखे खिळे मागतो आहे. (गैरसमज नसावा. पुण्याचे घर हे राहण्याचे आहे, आदर्श नव्हे.)

तुझा,
रूपचंद

*

डिंभे, ता. ३ जुलै १९०७

रूपचंद,

तुझं धाबं पडलं.

तीन दिवस पाऊस क्षणभर थांबला नाही. पन्हळी सहाच्या सहा वाहत होत्या, पण माती पाणी पीतच राहिली, आणि तिचं पोट भरेना. पहिल्याच दिवशी आत ठिबकू लागलं. बाईनं ठिबकणाऱ्या जागी भांडी मांडली. मग भांडी संपली. तिनं आणि ठमाबाईनं मिळून हिरड्याची पोती बाहेर काढली, शेवटचं पोतं बाहेर आलं आणि तिसऱ्या दिवशी दुपारी वरच्या कोपऱ्याची तुळई कडाडली. निम्मं छप्पर खाली बसलं. बाई तेव्हा उंबऱ्यावर होती. आणखी दोन पावलं आत असती तर मी हे पत्र निराळं लिहिलं असतं, किंवा लिहिलंच नसतं.

मला निरोप मिळाला तसा चिखल तुडवत आलो. बाईला काही झालेलं नाही, पण जवळजवळ तीन दिवस ती ओल्या लुगड्यानं उभी होती. घरात बसायला कोरडी जागा नव्हती. नव्या घरात, रूपचंद. मी बांधलेल्या.

तुला शिव्या द्याव्यात असं वाटेत पन्नासदा मनात आलं. पण तुझं काय, तू पुण्यात बसून नकाशावर बोटं ठेवलीस. तुला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. मी गवंड्याचा मुलगा, गवंड्याचा नातू, आणि शिळेवर नाव येईल या लोभापायी तोंड मिटून घेतलं. बरं, नावही आलं नाही. आणखी एक सांगतो. पहिल्यांदा जागा बघून घरी गेलो त्याच दिवशी माझ्या बायकोनं, जन्नतबीनं, मला विचारलं होतं, “ज्या बाईला त्यात राहायचंय, ती काय म्हणते?” मी म्हटलं, तुला बांधकामातलं काय कळतं? आपण दोघांनी आठ महिने एकमेकांना पत्रं लिहिली. त्या घरात राहणाऱ्या माणसाला एकदा धड विचारलं नाही. मला लाज वाटते, आणि ती मी तुला कळवतो, कारण निम्मी तुझी आहे.

बदरुद्दीन

*

पुणे, ता. ८ जुलै १९०७

तीर्थरूप प्यारीबाईचे चरणी रूपचंदाचा नमस्कार.

बदरुद्दीनचे पत्र वाचून मन हळहळले. तू सुखरूप आहेस ही देवाची कृपा. पडझडीचा दोष कारागिराचा आहे, तत्त्वाचा नाही. धाबे पडले म्हणून परंपरा पडत नाही.

आता हट्ट सोड. ठरल्याप्रमाणे गाडी पाठवीत आहे, सोपान नावाचा गाडीवान विश्वासू आहे. तुझे सामान थोडेच, ते एका खेपेत येईल. हिरड्याचा व्यवहार कोणास तरी सोपवून टाक. गुलाबबाईने स्वयंपाकघराच्या मागची खोली तुझ्यासाठी रिकामी केली आहे. तिथे लाकडे असतात, पण कोपरा मोकळा आहे आणि गळत नाही. पहाटेची चूल तू सांभाळलीस की तिला विश्रांती मिळेल. तुझेही आयुष्य माणसांत जाईल.

एक विनंती. पुस्तिकेच्या अजून चारशे प्रती शिल्लक आहेत. त्या संपेपर्यंत घराविषयी कोणाशी बोलू नये.

तुझा धाकटा भाऊ,
रूपचंद

*

डिंभे, ता. २१ जुलै १९०७

रूपचंदास प्यारीबाईचा आशीर्वाद.

ह्ये पत्र बदरूभाऊ लिवतोय, पन बोल माझं हायती. त्याला म्या सांगितलंय, एक अकशर सुधरायचं न्हाई.

पयल्या दिशी बदरूभाऊ दोरी घिऊन आला तवा माझं म्हननं व्हतं. त्ये आता सांगते. घराची पाठ वाऱ्याकडं करा, छप्पर गवताचं करा नि चांगलं खाली उतरवा. एवढंच व्हतं. ताक पिऊन व्हईपर्यंत सांगून झालं असतं. तू म्हनशील गवत जळतंय. व्हय, जळालं. गवताखाली मी सव्वीस वरसं कोरडी राह्यले नि एकदा जळाले. तुझ्या मातीखाली दीड म्हयना काढला नि तीन दिस भिजले. हिसाब तूच कर.

छप्पर पडलं त्याच्या दुसऱ्या दिशी ठमाबाई घरोघर हिंडली. इर्जिक घातली. तुला पुन्यात इर्जिक ठावं नसंल. एकाचं काम सगळ्यांनी मिळून करायचं, मजुरी घ्यायची न्हाई, सांच्याला त्याच्या घरी जेवायचं. आता ऐन पावसाळ्यात गवत कुठनं आनायचं? तर अठरा घरांनी आपापलं छप्पर फाटलं तर आसावं म्हनून ठिवलेल्या पेंढ्या आनून दिल्या. भागूच्या घरचं छप्पर गळतंय, तरी तिनं पाच दिल्या. मी नगं म्हनलं तर म्हनली, तुमी गेला पुन्याला तर आमचा हिरडा कोन घेनार, आन आमच्याशी भांडनार कोन? मला लई रडू आलं, रूपचंदा. तोंड फिरवून रडले.

आदी सगळ्यांनी उरलेली माती खाली ओढली, मग गेणभाऊ वर बसून बांधत व्हता. बदरूभाऊ येवढा मिस्त्री, पन खाली उभा राहून पेंढ्या वर फेकत व्हता. गेणभाऊ त्याला म्हनला, मिस्त्री, नीट फेका, ह्यो दगूड न्हाई. त्यानं मुकाट ऐकलं. बदरूभाऊचं जोतं आन भिताडं मात्र पक्की हायती, ती तशीच ठिवली. तुळईसंगं कोपरा पडला तितं कारवीचा कूड घातला. तुझी अकरा नावांची शिळा पडली व्हती, ती नदीवर नेली. धुनं धुवायला गुळगुळीत हाय. बायका नावं विचारत्यात, मी सांगते, मानसं चांगली हायती, पुन्याची हायती.

सोपान गाडी घिऊन आला. दोन दिस ठिवून घेतला, खाऊपिऊ घातला. गाडी मोकळी कशी पाठवायची म्हनून तिच्यात हिरड्याची बारा पोती भरलीत. ती पेठेत आमच्या आडत्याकडं उतरून घे. भाडं तू दिलंच हायेस.

मी येनार न्हाई. राग धरू नगंस. तू धाकला, तुला मी कडंवर घिऊन जुन्नरच्या येशीपर्यंत हिंडलेय. माया हाय, ती कुठं जात न्हाई. पन तुझ्या चुलीम्होरं, लाकडांच्या खोलीत, मला म्हातारी व्हायचं न्हाई. गुलाबबाईला म्हनावं तब्येतीला हिरड्याची फक्की घे, मी पाठवते. तुला यायचं आसंल तर पावसातच ये. पाव्हना म्हनून ये, मंडळी नगं आनूस.

आज पावसाचा सहावा दिस. बाहेर समोरची नदी बी दिसत न्हाई. आमी दोघं माझ्या घरात मधोमध बसून ह्ये लिवतोय, आन कागद कोरडा हाय.

प्यारीबाई